सीओच्या नकाशावरून रेण्वीय मेघाचं वस्तुमान कसं काढायचं

तारे ज्या मेघांत जन्मतात तिथला जवळजवळ सगळा वायू म्हणजे रेण्वीय हायड्रोजन आणि हीलियम. यातला हायड्रोजन आपल्याला हवा असतो, आणि नेमका तोच दिसत नाही. हा रेणू सममित, त्याला स्थायी द्विध्रुव (विद्युतभाराची दोन विरुद्ध टोकं) नाही, त्यामुळे तो सहज प्रारणं सोडत नाही. त्याची वर्णपटातली सर्वांत खालची रेषा २८ मायक्रॉनवर येते आणि त्यासाठी रेणू तळपातळीपासून ५१० केल्विन वर चढावा लागतो. मेघ असतो १० केल्विनचा. म्हणून मोजायचा तो कार्बन मोनॉक्साइड (सीओ). सीओची पहिली रेषा ११५.२७१ गिगाहर्ट्झला येते आणि वरची पातळी अवघ्या ५.५ केल्विनवर आहे. विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी १९७० मध्ये मृगाच्या दिशेला ती पकडली, तेव्हापासून मेघ मोजायचं हेच मुख्य माप आहे.

लागणार काय? सीओचा डेटा क्यूब (दोन अक्ष आकाशाचे, तिसरा वेगाचा), मेघाचं अंतर, आणि पायथनमधलं ॲस्ट्रोपाय हे खगोलशास्त्राचं पॅकेज. सराव करायला डेम, हार्टमन आणि थॅडियस यांचं २००१ मधलं आकाशगंगेचं सर्वेक्षण उत्तम. १.२ मीटरच्या दोन छोट्या दुर्बिणींचं काम आहे, बीम (दुर्बिणीला एका वेळी दिसणारा आकाशाचा ठिपका) साडेआठ कलांच्या आसपास, त्यामुळे फाइल लॅपटॉपवर सहज उघडते.

आधी हेडर वाचा

हेडर म्हणजे फाइलच्या सुरुवातीची माहिती. वेगाच्या अक्षाचं एकक मीटर/सेकंद आहे की किमी/सेकंद, हे सर्वांत आधी पाहा. इथे चुकलात तर वस्तुमान हजारपट फुगतं. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. खरा त्रास लपून राहणाऱ्या चुकांचा. तापमान (रेषेची उजळता केल्विनमध्ये सांगतात, ते) अँटेनाचं दिलंय की मुख्य बीमचं? अँटेनाचं असेल तर दुर्बिणीच्या मुख्य बीम कार्यक्षमतेने भागा. ती ०.५ असेल आणि भागायचं राहिलं, तर उत्तर निम्मं येईल आणि तरीही अगदी पटण्याजोगं दिसेल.

तिसरी गोष्ट पिक्सेलची. अक्षांश-रेखांशाची साधी चौकट असलेल्या नकाशात पिक्सेल जसजसा विषुववृत्तापासून दूर जातो तसतसं त्याचं खरं क्षेत्रफळ अक्षांशाच्या कोसाइनने घटतं. मृगातला मेघ आकाशगंगेच्या पातळीपासून १९ अंश खाली आहे, म्हणजे तिथे साडेपाच टक्क्यांचा फरक.

नॉइज, मास्क, बेरीज

ज्या चॅनेलांत (वेगाच्या अक्षावरच्या कप्प्यांत) रेषा नाही तिथला नॉइज काढा. साध्या प्रमाण विचलनापेक्षा मध्यकापासूनच्या विचलनांचा मध्यक घेऊन त्याला १.४८२६ ने गुणणं बरं, कारण एखादा बिघडलेला चॅनेल त्याला फारसा हलवत नाही. मग मास्क, म्हणजे क्यूबचा कोणता भाग मोजायचा याची निवड, दोन पायऱ्यांत करा. सलग दोन चॅनेलांत नॉइजच्या चौपट वर असलेले भाग म्हणजे गाभा. त्या गाभ्याला चिकटून जे दुपटीच्या वर आहे तेही आत घ्या. फक्त चौपटीवर थांबलात तर मेघाची फिकट कड गळते, आणि कड क्षेत्रफळाने मोठी असल्यामुळे वस्तुमान चांगलंच घटतं.

मास्कच्या आत जे आहे ते सगळं बेरजेत घ्या, एखादी ऋण किंमत आली तर तीही. ‘फक्त धन किमती घ्या’ हा शॉर्टकट कोणी सुचवला तर ऐकू नका. नॉइजचा धन अर्धाच बेरजेत येतो आणि रिकाम्या आकाशालाही वस्तुमान मिळतं. बेरजेला चॅनेलच्या रुंदीने गुणलं की प्रत्येक पिक्सेलची एकत्रित तीव्रता केल्विन-किमी/सेकंदात मिळते. तिचा नॉइज म्हणजे एका चॅनेलचा नॉइज गुणिले चॅनेलची रुंदी गुणिले चॅनेल-संख्येचं वर्गमूळ. ०.२५ केल्विन, ०.६५ किमी/सेकंद आणि १२ चॅनेल असतील तर ०.५६ येतो.

बेसलाइन, म्हणजे वर्णपटाची रेषेबाहेरची शून्य पातळी, मात्र या हिशेबात बसत नाही. ती ०.१ केल्विनने वर राहिली आणि तुम्ही ३० किमी/सेकंद रुंद पट्टा घेतला, तर ३ केल्विन-किमी/सेकंद फुकटात जमा होतात आणि पिक्सेल वाढवल्याने ते कमी होत नाहीत. रिकाम्या भागाचा सरासरी वर्णपट काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गुणाकार

समजा मेघ ४०० पारसेकवर आहे (एक पारसेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), पिक्सेल ०.१२५ अंशाचा आहे, मेघ ३०० पिक्सेल व्यापतो आणि तीव्रतेची बेरीज ५४०० आहे. पिक्सेलची बाजू ०.८७३ पारसेक, म्हणून क्षेत्रफळ ०.७६ चौरस पारसेक (कोसाइनची दुरुस्ती इथे सोयीसाठी सोडली आहे). रूपांतराचा आल्फा घटक ४.३ सौर वस्तुमान, दर केल्विन-किमी/सेकंद-चौरस पारसेकला. तिघांचा गुणाकार: सुमारे १७,७०० सौर वस्तुमानं.

या ४.३ मध्ये हीलियम धरलेला आहे. आल्फाऐवजी एक्स-घटक वापरला (२ गुणिले १०चा २०वा घात, दर चौ.सेमी, दर केल्विन-किमी/सेकंदला) तर तो नुसत्या हायड्रोजन रेणूंचा आकडा देतो, तिथे १.३६ ने गुणावं लागतं. दोन्ही पद्धतींची सरमिसळ करून हीलियम दोनदा मोजला गेलेले हिशेब नेहमी दिसतात. आकाशगंगेच्या तबकडीत या घटकात सुमारे ३० टक्के अनिश्चितता धरतात, म्हणून उत्तर ‘१७,६८४’ असं लिहिण्यात काही अर्थ नाही. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या बटू दीर्घिकांत तर हा घटक जसाच्या तसा लावूच नका. तिथे धूळ कमी, सीओ अतिनील किरणांनी तुटतो आणि हायड्रोजन मात्र टिकून राहतो.

अंतर

वस्तुमान अंतराच्या वर्गाने बदलतं. अंतरात १० टक्के चूक म्हणजे वस्तुमानात २१ टक्के. जवळच्या मेघांसाठी गाया उपग्रहाने मोजलेले तारे वापरा: मेघाच्या अलीकडचे तारे त्याच्या धुळीमुळे तांबूस झालेले नसतात, पलीकडचे झालेले असतात, आणि ज्या अंतरावर हा बदल एकदम होतो तिथे मेघ. पण मेघ म्हणजे सपाट पडदा नव्हे. मृगातल्या ‘ए’ मेघाचं डोकं ४०० पारसेकवर आहे आणि शेपूट ४७० पर्यंत मागे गेलं आहे. सगळ्याला ४०० लावलंत तर टोकाच्या वायूचं खरं वस्तुमान तुमच्या आकड्याच्या १.३८ पट निघेल. नकाशात ते दोघं शेजारी दिसतात, त्यामुळे शंकाही येत नाही.

आकाशगंगेच्या पातळीत याहून कठीण. तिथे एकाच वेगावर दोन वेगवेगळे मेघ एकमेकांवर चढलेले असू शकतात. सूर्याच्या कक्षेच्या आतल्या बाजूला तर एका वेगाला जवळचं आणि दूरचं अशी दोन अंतरं लागू पडतात.

१३-सीओने पडताळा

साधा सीओ अपारदर्शक असतो. दिसतो तो मेघाचा बाहेरचा थर. जड कार्बनचा १३-सीओ (११०.२०१ गिगाहर्ट्झ) बराच आतपर्यंत दिसतो. साध्या सीओच्या शिखरात ०.८४ मिळवा, ५.५३ ला त्या बेरजेने भागा, त्यात १ मिळवून नैसर्गिक लॉगरिदम घ्या आणि ५.५३ ला त्याने भागा: हे उत्तेजन तापमान, म्हणजे रेणू वरच्या पातळ्यांत किती चढलेले आहेत त्याचं माप. शिखर ६.८ केल्विन असेल तर ते १० केल्विनच्या आसपास येतं. या तापमानाला १३-सीओचं शिखर २ केल्विन असेल तर प्रकाशीय जाडी (वायू किती अपारदर्शक आहे त्याचं माप) ०.३५ येते. रेषा दीड किमी/सेकंद रुंद असेल तर १३-सीओचे सुमारे ३.६ गुणिले १०चा १५वा घात इतके रेणू दर चौ.सेमी मिळतात. हायड्रोजनसाठी याला ५ लाखांनी गुणायचं.

अतिदाट, थंड गाभ्यांत हीही पद्धत फसते, कारण तिथे सीओ धुळीच्या कणांवर गोठून बसतो. बर्नार्ड ६८ या काळ्या मेघाच्या मध्यभागी सी-१८-ओ या विरळ समस्थानिक रेणूचा नकाशा उलट फिका पडतो, आणि वायू सर्वांत दाट तिथेच आहे. अशा जागी धुळीचं उत्सर्जन किंवा नायट्रोजन असलेले संयुग-रेणू वापरतात.

कोसळेल का, आणि किती वेगाने

१३-सीओच्या रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी ३.५ किमी/सेकंद असेल तर २.३५५ ने भागून वेगाचा प्रसार १.४९. साध्या सीओची रुंदी इथे घेऊ नका, अपारदर्शकतेमुळे ती फुगलेली असते. ३०० पिक्सेलांच्या क्षेत्रफळावरून त्रिज्या ८.५ पारसेक. आता ५ गुणिले प्रसाराचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्वस्थिरांक (या एककांत ०.००४३) गुणिले वस्तुमान. उत्तर १.२ च्या जवळ. साधारण २ च्या खाली असेल तर गुरुत्वाकर्षणाने बांधलेला मेघ म्हणतात. हा गुणोत्तराचा आकडा अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे १.८ किंवा २.१ असं काही आलं तर निष्कर्ष काढण्याआधी पुन्हा अंतराकडे बघा.

याच मेघाची सरासरी घनता दर घनसेमी सुमारे १०० हायड्रोजन रेणू, आणि मुक्तपतनाचा काळ (फक्त गुरुत्वाकर्षणाने कोसळायला लागणारा वेळ) ३१ लाख वर्षं. अवरक्त निरीक्षणांत ४०० कोवळे तारे सापडले, प्रत्येकी सरासरी ०.५ सौर वस्तुमान आणि वय २० लाख वर्षं धरलं, तर १० लाख वर्षांत एकूण १०० सौर वस्तुमानांइतका वायू ताऱ्यांत गेला. मुक्तपतनाच्या एका काळात मेघाचा जेमतेम पावणेदोन टक्के वायू ताऱ्यांत जातो. हा आकडा १० किंवा २० टक्के आला तर मेघ विलक्षण आहे असं समजण्याआधी ताऱ्यांच्या यादीतल्या पार्श्वभूमीच्या दीर्घिका आणि धुळीत गुरफटलेले म्हातारे लाल राक्षसी तारे गाळा. अवरक्त रंगांत दोघंही कोवळ्या ताऱ्यांसारखेच दिसतात.