दिव्यांग आरक्षणातून सरकारी नोकरीत रुजू होताना

मी अल्पदृष्टी आहे. लिपिक म्हणून रुजू झाले त्या दिवशी शाखेत सगळ्यांनी मायेने चहा पाजला, पण काम कुणीच दिलं नाही. "ताई, तुम्ही निवांत बसा, डोळ्यांना ताण नको." चार महिने मी टपालावर शिक्के मारत होते. ही माया फार महागात पडते. नस्ती, म्हणजे कामकाजाची फाइल, हाताळलीच नाही, तर विभागीय परीक्षेला काय लिहिणार?

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सरकारी नोकरीतलं आरक्षण 3 वरून 4 टक्के केलं. त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी यांचा. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) परीक्षेच्या बरंच आधी काढून ठेवा. लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ हवा असेल, तर अर्ज भरतानाच मागा. एवढं क्लासवालेही सांगतात.

रुजू झाल्यावर काय करायचं, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. याच कायद्याच्या कलम 20 नुसार सरकारी कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या असतात आणि केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नती नाकारता येत नाही. मी तोंडी विचारायचे, तेव्हा "बघू" एवढंच ऐकू यायचं. शेवटी आस्थापनेतल्या एका काकांनी समोर बसवून अर्ज लिहून घेतला: मोठा मॉनिटर, एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आणि नस्तीचं काम. वर कलमाचा उल्लेख, खाली आवक क्रमांक घालून पोच. तीन आठवड्यांत मॉनिटर टेबलावर होता.

अर्जात आणखी एक मागणी घाला, मी ती विसरले होते. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल एनव्हीडीए वाचतं तेव्हा अर्थहीन अक्षरं ऐकू येतात, आणि स्कॅन केलेल्या परिपत्रकात त्याला काहीच सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच मिळावा, असं स्पष्ट लिहा.

दाद लागली नाही, तर कलम 23 खालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. त्यापुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

नस्तीवर लिहिलेली माझी पहिली टिप्पणी साहेबांनी तीन दुरुस्त्या करून परत पाठवली. शेजारच्या टेबलावरच्यांनाही तशाच परत येत होत्या. संध्याकाळी घरी फोन करून मी आईला ते आनंदाने सांगितलं.