युद्धकाळातली दोन स्त्रियांची प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

दोन बायकांच्या प्रेमाच्या गोष्टी आता मराठीत लिहिल्या जातात, आवडीने वाचल्याही जातात. त्यातल्या बऱ्याच लिहिणाऱ्यांना दुसरं महायुद्ध खुणावतं. ठिकाण बहुतेक ठरलेलं: लंडन, 1940. वर बॉम्ब पडतायत, खाली तळघरात दोघी एकमेकींना धरून बसल्यात. सुरुवात झकास होते आणि चौथ्या-पाचव्या प्रकरणात गाडी अडते. दोघींना लांब ठेवायला कारण सापडत नाही. मग कुणी पोलीस आणतं, कुणी दारुडा नवरा आणतं, आणि काहीच सुचलं नाही की एकीच्या डोक्यावर बॉम्ब टाकून मोकळं होतं.

संपादनासाठी येणाऱ्या हस्तलिखितांत मला हे सतत दिसतं. कल्पनाशक्ती कमी पडलेली नसते. त्या गावात, त्या साली या दोघींना नेमकं कोण अडवत होतं आणि कोण मोकळं सोडत होतं, एवढंच शोधायचं राहिलेलं असतं.

पोलीस चुकीच्या दारात

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. लंडनमध्ये रात्री दार वाजतं, शिपाई आत येतो आणि दोघींना सांगतो की हा गुन्हा आहे. तो गुन्हा नव्हता. ब्रिटनमधला समलिंगी संबंधांवरचा 1885 चा कायदा पुरुषांपुरता होता. 1921 मध्ये स्त्रियांनाही त्यात ओढायचा प्रयत्न झाला. खालच्या सभागृहाने तो मंजूर केला, लॉर्डांच्या सभागृहाने फेटाळला. लॉर्ड मंडळींचं म्हणणं मोठं गमतीचं होतं: बहुतेक बायकांना असं काही असतं हे ठाऊकच नाही, कायदा करून आपणच कशाला शिकवा!

म्हणजे भीती नव्हती का? होती, पण ती घरमालकिणीची, आईची, गावातल्या पाद्रीबाबाची आणि गणवेशातल्या वरिष्ठ बाईंची होती. सैन्याच्या एटीएस या स्त्री-शाखेत असं प्रकरण लक्षात आलं की हकालपट्टी हा अगदी शेवटचा उपाय असायचा. नेहमीचा उपाय म्हणजे दोघींपैकी एकीची बदली. लिहिणाऱ्याने यावर जरा थांबून विचार करावा. एक टाइप केलेला कागद येतो. त्यावर कारण नसतं. एक जण केंटमध्ये राहते, दुसरी यॉर्कशायरच्या तोफखान्यात जाते. आरोपच झालेला नाही, त्यामुळे बचाव करायचीही सोय नाही, आणि निरोप द्यायला चारचौघांत उभं राहून नुसतं हस्तांदोलन करायचं. पोलिसाच्या पाच पानी प्रसंगापेक्षा हे किती तरी जास्त बोचतं.

संवादातही हाच फरक पडतो. हस्तलिखितात साधारण असं येतं:

"मार्गारेट, माझं तुझ्यावर प्रेम आहे. पण हा समाज आपल्याला कधीच स्वीकारणार नाही."

समाज, स्वीकार हे भाषण झालं. 1942 मधली टेलिफोन ऑपरेटर असं बोलणार नाही. तोच प्रसंग असा लिहून बघा:

"बदलीचा कागद आलाय."

"कुणाचा?"

"तुमचा. शुक्रवारची गाडी."

"शुक्रवार. आणि तोपर्यंत तू मला तुम्हीच म्हणत राहणार?"

कायदा बायकांच्या मागे नव्हता, पण पुस्तकांच्या मागे जरूर होता. रॅडक्लिफ हॉल यांची दोन स्त्रियांच्या प्रेमावरची कादंबरी लंडनच्या न्यायालयाने 1928 मध्ये अश्लील ठरवून नष्ट करायला लावली. आपल्याकडे इस्मत चुगताईंची दोन स्त्रियांच्या जवळिकीवरची उर्दू कथा 'लिहाफ' 1942 मध्ये आली आणि त्यांना लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेच्या खटल्याला तोंड द्यावं लागलं. त्यातून त्या सुटल्या. तेव्हा तुमच्या नायिकेच्या पलंगाखाली पोलिसांना सापडण्यासारखं काही असलंच, तर ते पुस्तक असेल.

गुलाबी त्रिकोण आणि बर्लिन

कथा जर्मनीत नेली की दुसरी मोठी चूक होते: छळछावणीतल्या नायिकेच्या अंगावर गुलाबी त्रिकोण. ती खूण समलिंगी पुरुषांची. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जर्मनीचं कलम 175 पुरुषांनाच लागू होतं. ज्या स्त्रिया पकडल्या गेल्या, त्या दुसऱ्या कारणाखाली: ज्यू म्हणून, राजकीय विरोधक म्हणून, किंवा 'समाजबाह्य' हा शिक्का मारून, ज्याचा त्रिकोण काळा असायचा. ऑस्ट्रियात मात्र तसंच कलम 129 स्त्रियांनाही लागू होतं. म्हणजे तीच कथा बर्लिनमधून व्हिएन्नात हलवली तर कथानकच बदलतं. नकाशावर बोट ठेवण्याआधी हे बघा.

बर्लिनमधली फेलिस श्रागेनहाइम आणि लिली वुस्ट यांची हकिगत बऱ्याच जणांना पुस्तकातून, सिनेमातून माहीत असते. 1942 च्या अखेरीस दोघी भेटल्या. लिली चार मुलांची आई, नवरा सैन्यात. फेलिस ज्यू, लपून राहणारी. ऑगस्ट 1944 मध्ये गेस्टापोने फेलिसला पकडलं आणि ती परत आली नाही. यावरून बेतलेल्या कथा आल्या की मला एकच तक्रार असते. एकीचा जीव दुसरीच्या गप्प राहण्यावर टांगलेला असताना त्या दोघी बरोबरीच्या नसतात. लपलेलीला भांडण करता येत नाही, रुसून दार आपटून जाता येत नाही, 'मला आता हे नको' म्हणता येत नाही. हे कथेत आलं नाही तर ती गोडगोड होते, आणि त्या काळावर अन्याय होतो.

युद्धाने दिलेली मोकळीक विसरणं

आपण युद्ध म्हटलं की फक्त ताटातूट बघतो. डिसेंबर 1941 मध्ये ब्रिटनने 20 ते 30 वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीने सेवेत बोलवायचा कायदा केला. सैन्याची शाखा, दारूगोळ्याचा कारखाना, शेतीकाम, काहीतरी निवडायचंच. छोट्या गावातल्या 22 वर्षांच्या मुलीला घर सोडायचं कारण मिळालं आणि बापाला नाही म्हणायची सोय उरली नाही. पगार हातात, वसतिगृहात शेजारी शेजारी खाटा, 48 तासांची सुटी, अंधारलेले रस्ते. दोघी भेटल्या कशा, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. योगायोगाने बागेत धडकायची गरज नाही.

पण सालाचं भान ठेवा. 1940 मधली गणवेशातली मुलगी स्वखुशीने आलेली असते, तिला सरकारने ओढून आणलेलं नसतं. आणि एटीएसची मुलगी विमानवेधी तोफेवर असली तरी अंतर मोजते, दिशा सांगते. तोफ डागायची परवानगी तिला नव्हती. मी वाचलेल्या एका कथेत नायिका धडाधड विमानं पाडत होती. तिला प्रेम करायला वेळ कधी मिळत होता कोण जाणे.

अंधार किती वाजता पडतो?

ही चूक बारीक आहे, पण तिच्यावर अख्खा प्रसंग कोसळतो. 'जून 1943, रात्रीचे नऊ, मिट्ट काळोखात दोघी टेम्सच्या काठी भेटल्या.' मुळात लंडनला जूनमध्ये उशिरा मावळतं. त्यात 1941 पासून उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे केलेली असायची. सूर्य मावळायलाच सव्वादहा व्हायचे, अंधार त्याहून उशिरा. नऊ वाजता त्या दोघी अख्ख्या लंडनला दिसत होत्या. यावर उपाय दोन: प्रसंग जानेवारीत न्या, किंवा उजेड वापरा. काळोखात हात धरणं कुणालाही जमतं. लख्ख उजेडात, रांगेत उभं राहून, हात न धरता काय काय बोलता येतं ते लिहायला मजा आहे.

बाकीच्या तारखांचं पटकन सांगते. लंडनवरचा सलग 57 रात्रींचा मारा 7 सप्टेंबर 1940 ला सुरू झाला आणि ब्लिट्झ, म्हणजे जर्मनीची ब्रिटनवरची ही बॉम्बफेक, मे 1941 मध्ये आटोपली. 1943 मध्ये रोज रात्री भोंगा वाजवू नका. उडते बॉम्ब 13 जून 1944 पासून. चहा जुलै 1940 पासून रेशनवर, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. तेव्हा उठसूट किटली चढवणारी नायिका शेजारणींच्या डोळ्यांवर येईल. कपड्यांची कुपनं 1 जून 1941 पासून. पाव युद्धात कधीच रेशनवर नव्हता, तो रेशनवर गेला 1946 मध्ये. नायलॉनचे मोजे ब्रिटनमध्ये दिसू लागले ते मुख्यतः अमेरिकन सैनिक आल्यावर, 1942 पासून पुढे. 1940 मध्ये एकीने दुसरीला नायलॉन भेट दिलं की जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

गुपित तिसऱ्या प्रकरणात फोडू नका

ब्लेचली पार्क सगळ्यांना हवं असतं. जर्मन संदेश उलगडणारं ते केंद्र, युद्धाच्या अखेरीस तिथे जवळपास 9,000 माणसं कामाला, त्यात चारातल्या तीन स्त्रिया. तीन पाळ्या: सकाळी आठ ते चार, चार ते मध्यरात्र, मध्यरात्र ते सकाळ. इथली ठरलेली चूक म्हणजे नायिका प्रेमात पडली की लगेच प्रेयसीला सांगते, मी शत्रूचे संकेत फोडते. शेजारच्या बराकीत काय चालतं हेही तिथल्या लोकांना माहीत नसायचं. ही गोष्ट जाहीरपणे बोलली जाऊ लागली ती 1974 नंतर. तोपर्यंत नवऱ्यांनी बायकांना, बायकांनी आईबापांना सांगितलं नव्हतं.

प्रेमकथेला यातून फुकट मिळणारं सामान बघा. दोघींकडे आधीच एक शपथेचं गुपित आहे, त्यामुळे घरच्यांशी खोटं बोलायची सवय आणि हक्क दोन्ही मिळालेत. 'कुठे होतीस?' या प्रश्नाला 'सांगता येत नाही' हे देशभक्तीचं उत्तर आहे. त्याच्या आड दुसरं गुपित आरामात मावतं. पाळ्या जुळल्या नाहीत की एकाच खोलीत राहून दोघींची आठवडाभर भेट नाही. खलनायक लागतोच कशाला?

पत्रांचंही असंच उलटं असतं. परदेशी तैनात सैनिकांची पत्रं त्यांचेच अधिकारी वाचायचे, म्हणून लिहिणारे लगेच सांकेतिक प्रेमपत्रं रचतात. पण कात्री चालायची ती गावाच्या, जहाजाच्या, पलटणीच्या नावावर. एका मैत्रिणीने दुसरीला लाडाने हाक मारलेली सहज निसटायची. 'तुझी फार आठवण येते' शाबूत आणि 'कैरो' कापलेलं, असं पत्र हातात पडलेली नायिका मला तरी सांकेतिक कवितांपेक्षा खरी वाटते.

लंडनच हवंय का?

महायुद्धाचा मराठी मुलुखाशी काय संबंध, असं समजून आपण थेट टेम्स गाठतो. हिंदुस्थानात 1942 मध्ये स्त्रियांचं सहायक दल उभं राहिलं. त्यात हिंदी, अँग्लो-इंडियन, इंग्रज अशा सगळ्या जणी होत्या आणि गणवेशात साडीही होती. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाज फुटलं, पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन दारूगोळा. दुपारी चारनंतरचा तो स्फोट कथेत घ्यायचा तर गिरगावातल्या आईला खऱ्याखोट्या कंड्यांवर दिवस काढायला लावा. सेन्सॉर असताना सकाळच्या पेपरात साग्रसंगीत बातमी छापून आणू नका. आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला 1943 ते 1948 पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. रशियातून इराणमार्गे आलेली सुमारे 5,000 माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष लढाईवर किंवा मेलेले. एवढ्या जवळ असलेली ही जागा आपल्या प्रेमकथांनी अजून पुरेशी वापरलेली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

शेवटी एकीला मारायचंच का?

माझं मत स्पष्ट आहे: नको. प्रेमकथा म्हणून हातात दिलेल्या पुस्तकात शेवटच्या पानावर बॉम्ब टाकणं ही वाचकाची फसवणूक आहे. 'तेव्हा असंच व्हायचं' ही सबबही टिकत नाही. क्लोद काऊन आणि मार्सेल मूर या दोघी फ्रेंच कलावंत 1937 पासून फ्रान्सजवळच्या जर्सी या ब्रिटिश बेटावर राहत होत्या. जर्मनांनी बेट घेतल्यावर 'निनावी सैनिक' अशा सहीने पत्रकं टाइप करून त्या जर्मन सैनिकांच्या खिशांत, गाड्यांत सारत राहिल्या. जुलै 1944 मध्ये पकडल्या गेल्या, नोव्हेंबरात फाशीची शिक्षा झाली, ती अमलात आली नाही आणि मे 1945 मध्ये सुटल्या. काऊन 1954 मध्ये वारल्या, तोवर दोघी एकत्रच होत्या.

मग अडचण कुठून आणायची? शांततेतून. 1945 च्या उन्हाळ्यापासून माणसं सैन्यातून सुटू लागली, त्यात विवाहित स्त्रियांना आधी सोडलं. बॉम्बने उडालेली घरं, खोली मिळायची मारामार. घरून लग्नाचा तगादा. पण दोघींच्या बाजूनेही बरंच होतं. पहिल्या महायुद्धानंतर, 1921 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पुरुषांपेक्षा सुमारे 17 लाख स्त्रिया जास्त होत्या. दोन अविवाहित शिक्षिका एका घरात राहतात यात कुणाला वावगं वाटत नसे. उलट लग्न केलं की नोकरी जायची: शिक्षिकांवरची ही बंदी 1944 मध्ये उठली, सरकारी कारकुनांवरची 1946 मध्ये. तेव्हा तुमच्या नायिकेला मामाने स्थळ आणलं, तर 1945 मध्ये सरकारी कचेरीत काम करणारी ती मुलगी नोकरीचं कारण पुढे करून बिनदिक्कत नाही म्हणू शकते. 1947 मध्ये तेच स्थळ परत आलं की तिला दुसरं कारण शोधावं लागेल. ते काय असेल आणि ती ते आईला कोणत्या शब्दांत सांगेल, यावर एक अख्खं प्रकरण खर्च करा.