क्रॉसबोसाठी सुटा होणारा स्टॉक: कुठे कापायचा, सांधा कसा करायचा आणि तो ढिला का पडतो

टार्गेट क्रॉसबो (आडव्या कमानीचा, बंदुकीसारखा खांद्याला लावून ट्रिगरने बाण सोडायचा) ज्यांनी स्वतः लाकडात बनवलाय किंवा बनवायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. अखंड क्रॉसबो साधारण ८५ ते ९५ सेंटिमीटर लांब होतो आणि तो बसने-गाडीने रेंजवर न्यायचा म्हणजे डोक्याला ताप, म्हणून मागचा स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, सुटा करायचा हा विचार बहुतेकांच्या मनात येतोच. पण आधी करवत हातात घेऊन मग सांधा कसा करायचा ते ठरवलं की पुढे काहीही केलं तरी ते खडखडतंच, त्यामुळे आधी कागदावर नीट बसा.

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे जोर कुठून कुठे जातो ते समजून घ्या. दोरी ओढून लॅचमध्ये (दोरी धरून ठेवणाऱ्या आकड्यात) अडकवली की पुढची कमान आणि ट्रिगरमधला लॅच यांच्यामध्ये सगळा ताण असतो, म्हणजे ६८ किलोची कमान असेल तर ते ६८ किलो कमानीच्या सॉकेटपासून लॅचपर्यंतच्या लाकडातच दाबून बसलेले असतात, लॅचच्या मागच्या भागाला त्यातलं काहीच जात नाही. म्हणून सुटा सांधा कायम ट्रिगर बॉक्सच्या (लॅच आणि ट्रिगर बसवलेल्या पेटीच्या) मागेच हवा. काही जण लांबी बरोब्बर अर्धी व्हावी म्हणून रेलच्या (बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या) मध्यात जोड द्यायचं डिझाईन काढतात, ते कृपा करून करू नका, तिथे सांधा उघडला तर बाण कुठे जाईल आणि कमान कुठे जाईल हे कोणीच सांगू शकत नाही.

मग मागच्या स्टॉकवर लोड येतो तरी कसला? खांद्याला लावल्यावर क्रॉसबोच्या वजनाचा थोडा बाक येतो, तो किरकोळ आहे. खरा लोड येतो तो कोणीतरी बटला (स्टॉकच्या मागच्या टोकाला) धरून क्रॉसबो झटक्यात उचलतं तेव्हा, किंवा बट जमिनीवर आपटतो तेव्हा. हिशोब करून बघा, पुढचा भाग ३ किलोचा, त्याचा गुरुत्वमध्य सांध्यापासून ३० सेंटिमीटर पुढे, झटक्यासाठी ५ पट धरा, म्हणजे साधारण ४४ न्यूटन मीटरचा बाक झाला. सांध्यात दोन बोल्ट ६० मिलीमीटर अंतरावर असतील तर प्रत्येकावर जवळजवळ ७३५ न्यूटन, म्हणजे ७५ किलो. एम ६ चा ८.८ ग्रेडचा (मजबूत पोलादाचा) बोल्ट याला भीक घालत नाही, पण लाकूड घालतं! ६ मिलीमीटरचा बोल्ट ३० मिलीमीटर जाडीच्या सागवानातून गेला तर त्या भोकाच्या भिंतीवर ४ न्यूटन प्रति चौरस मिलीमीटर दाब येतो आणि तोही लाकडाच्या रेषांना (तंतूंना) आडवा, सागवान हळूहळू दबत जातो, भोक लांबट होतं, आणि सहा महिन्यांनी आपण म्हणतो बोल्ट ढिला झाला. बोल्ट तिथेच असतो, भोक मोठं झालेलं असतं. तेव्हा लाकडातल्या प्रत्येक भोकात १२ मिलीमीटर बाहेरच्या व्यासाचा पितळी बुश (नळीसारखं अस्तर) अरल्डाईटने (इपॉक्सी गोंदाने) बसवा, दाब लगेच निम्म्यावर येतो.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. नेम धरायची साईट पुढची आणि मागची, दोन्ही, रेलच्याच भागावर ठेवा, सुट्या स्टॉकवर काहीही नाही. ६० मिलीमीटरच्या सांध्यात ०.१ मिलीमीटरचा प्ले (ढिलेपणा) म्हणजे हाताला जाणवणारही नाही इतका, पण दोन्ही साईट जर स्टॉकवर असतील तर तेवढ्याने १८ मीटरवर निशाणा ३० मिलीमीटर सरकतो. १८ मीटर हे इनडोअर आर्चरीचं अंतर, तिथल्या ४० सेंटिमीटर टार्गेटमध्ये १० ची रिंग ४० मिलीमीटर व्यासाची असते, म्हणजे मधोमध लागणारा बाण सरळ ९ मध्ये. तेच साईट रेलवर असतील तर त्या प्लेने फक्त गाल अर्धा मिलीमीटर इकडे तिकडे होतो, बाणाची रेघ आणि साईटची रेघ एकमेकांपासून हलत नाहीत. इतका फरक फक्त जागा ठरवण्याने पडतो.

आता कापायचं कुठे. पिस्तूल ग्रिप असेल तर ग्रिप पुढच्या भागातच राहू द्या आणि सांधा ग्रिपच्या लगेच मागे घ्या, म्हणजे हात, बोट आणि ट्रिगर यांचं नातं कधी बदलत नाही. जुन्या पद्धतीचा सरळ स्टॉक असेल तर मनगटाची जागा (जिथे मूठ बसते ती) बारीक असते आणि तिथेच लोक कापतात कारण कापायला सोपं. पण ती आधीच सगळ्यात कमजोर जागा आहे, विशेषतः लाकडाच्या रेषा तिरक्या बाहेर पडत असतील तर. त्यापेक्षा ३०–४० मिलीमीटर मागे, जिथे लाकूड परत जाड व्हायला लागतं, तिथे घ्या. रोप कॉकरची (दोरी मागे ओढायच्या दोरखंडाची) खाच असेल तर ती मात्र पुढच्या भागावरच हवी, कारण पुलीवाल्या रोपने ओढताना त्या खाचेवर कमानीच्या निम्मा जोर येतो, ६८ किलोला ३४ किलो, आणि तो प्रत्येक बाणाला येतो.

मापं घेताना आधी पुठ्ठ्याचा किंवा ६ एमएम प्लायचा डमी स्टॉक बनवा. कोपर ९० अंशात वाकवून बट कोपराच्या खळगीत टेकवा, ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर आरामात आलं पाहिजे, मोठ्या माणसाला हे माप बहुतेक ३२० ते ३५० मिलीमीटर येतं. मग डोळे मिटून क्रॉसबो खांद्याला लावा, गाल ठेवा, डोळे उघडा. साईटची रेघ आपोआप डोळ्यासमोर आली तर गालाची उंची बरोबर, मान ताणावी लागली तर चूक. माझं स्पष्ट मत आहे की गालाची पट्टी आणि बट प्लेट दोन्ही अ‍ॅडजस्ट होणारेच करा. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, त्या प्रकारातल्या रायफली जवळून बघा, स्टॉकवर जिकडे तिकडे स्क्रू असतात कारण माणूस रायफलला नाही, रायफल माणसाला बसवायची असते. मॅच क्रॉसबोचे स्टॉक पण त्याच घराण्यातले. तुम्हाला तेवढं सगळं नको, गालपट्टीखाली ८ मिलीमीटरचे दोन रॉड आणि दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे), बटमागे ५ मिलीमीटरचे रबराचे तुकडे, एवढ्यात काम होतं.

लाकूड सागवान चांगलं, पण ते तेलकट असतं, चिकटवायच्या जागा पॉलिश पेपरने घासून लगेच अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्याच तासाभरात अरल्डाईट लावा, नाहीतर जोड सालपटासारखा निघतो. पहिल्यांदा करत असाल तर १८ एमएमचे बर्च प्लायचे दोन थर चिकटवून ३६ एमएमचा ठोकळा घ्या, दिसायला सागवानाची सर नाही पण रेषा तिरक्या जाण्याची भानगडच नाही.

आता सांधा, खरा जीव इथे आहे. लाकूड-लाकूड सांधा आपल्याकडे टिकत नाही, मे महिन्यात मस्त सरकणारी जीभ (एका भागातून दुसऱ्याच्या खाचेत जाणारी पट्टी) जुलैत अडकून बसते कारण लाकूड रेषांना आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून सरकणारे भाग धातूचे करा. पुढच्या भागात अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात खाच, आणि स्टॉकमधून बाहेर आलेली १० मिलीमीटर जाड, ३० उंच, ६० लांब अशी अ‍ॅल्युमिनियमची जीभ. ६०६१ किंवा ६०८२ ग्रेड मागा, टी ६ (उष्णता देऊन कडक केलेलं) असेल तर उत्तम, भंगारातलं मऊ सेक्शन नको. जीभ लाकडात अजून ७०–८० मिलीमीटर आत गेली पाहिजे, बुश आणि दोन बोल्टसकट. मिलिंग एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये करून घ्या, ड्रॉइंग हाताने काढलेलं चालतं पण मापं आणि टॉलरन्स लिहून द्या, जीभ खाचेत ०.०५ मिलीमीटर ढिली.

एवढी ढिली असेल तर ती हलणारच ना? हलेल, म्हणून लॉक असा हवा की तो जिभेला नुसता अडवून धरणार नाही तर पुढे ओढून सांध्याच्या खांद्यावर, म्हणजे जिभेच्या मुळाशी दोन भाग जिथे समोरासमोर टेकतात त्या सपाट तोंडावर, दाबून बसवेल. जुन्या दरवाजांच्या चौकटीला सुतार भोकं किंचित सरकवून खुंटी मारतात आणि सांधा कचकचीत आवळला जातो, अगदी तेच तत्त्व. ठोकळ्यात खालून एम ८ चा बोल्ट घ्या ज्याचं टोक लेथवर निमुळतं करून घेतलंय, आणि जिभेतलं भोक, जीभ पूर्ण आत असताना, बोल्टच्या मध्यरेषेपासून ०.३ मिलीमीटर मागे ठेवा, म्हणजे बटच्या बाजूला. बोल्ट आवळला की निमुळतं टोक भोकाच्या पुढच्या भिंतीला ढकलतं आणि अख्खा स्टॉक पुढे खेचला जातो. हे पुढे खेचणं का महत्त्वाचं, तर क्रॉसबोचा झटका बंदुकीसारखा नुसता मागे येत नाही, कमानीचे हात पुढे जाऊन थांबतात तेव्हा क्रॉसबो पुढे उडी मारतो आणि स्टॉक खांद्यापाशीच राहू पाहतो, म्हणजे सांधा उघडायला बघतो. नुसत्या आडव्या पिनेवर विश्वास ठेवला तर दर शॉटला टक टक होणार.

सांध्याच्या खांद्याची तोंडं एकमेकांवर पूर्ण बसली पाहिजेत. एका तोंडाला मार्किंग ब्लू किंवा काजळ अगदी पातळ लावा, सांधा आवळा, सोडा, दुसऱ्या तोंडावर डाग कुठे उमटले ते बघा. चार कोपऱ्यांच्या जवळ डाग हवेत, मधे नसले तरी चालेल, पण मधेच उमटले आणि कोपरे कोरे तर स्टॉक डुलणार. फाईलने उंच जागा उतरवत राहा. याला वेळ लागतो, लागू द्या. शॉर्टकट हवा असेल तर पुढच्या ठोकळ्याच्या तोंडाला आणि जिभेला मेणाचं बूटपॉलिश पातळ लावून पुसून घ्या, स्टॉकच्या तोंडावर अरल्डाईट लावा, सांधा हलका आवळून २४ तास सोडून द्या. पॉलिशमुळे ते एका बाजूला चिकटत नाही आणि दुसऱ्या बाजूला हुबेहूब साचा तयार होतो.

आणि आता जी गोष्ट मी कोणालाही सोडू देणार नाही ती, इंटरलॉक. स्टॉक नसताना क्रॉसबो सुटताच कामा नये. ट्रिगर बॉक्सच्या मागे स्प्रिंगवर एक छोटी पट्टी ठेवा जी एरवी सिअरच्या (ट्रिगर दाबला की लॅच सोडणाऱ्या तुकड्याच्या) खाली येऊन त्याला अडवते, आणि जीभ पूर्ण आत गेली की जिभेचं टोक त्या पट्टीला पुढे ढकलून सिअर मोकळा करतं. जीभ २ मिलीमीटर जरी बाहेर असली तरी ट्रिगर अडलेला राहिला पाहिजे, पट्टीची लांबी त्या हिशोबाने फाईल करा. यामुळे दोन गोष्टी होतात, अर्धवट बसलेल्या स्टॉकवर कोणी शॉट मारू शकत नाही आणि नुसता पुढचा भाग हातात धरून मारायचा आगाऊपणाही कोणी करू शकत नाही. स्टॉक काढायचा तो दोरी लॅचमध्ये अडकलेली नसतानाच. दोरी लॅचमध्ये अडकलेली असेल तर टार्गेटमध्ये एक बाण मारून मोकळी करा, बाणाशिवाय ट्रिगर कधीच दाबू नका, कमान फुटते.

फिनिशसाठी जवसाचं उकळलेलं तेल, पातळ थर, दोन थरांमध्ये पूर्ण वाळू द्या. सांध्याच्या आत जिथे लाकूड उघडं राहतं तिथे तेल नको, अरल्डाईट किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लावून बंद करा, ओल तिथूनच शिरते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

टेस्ट करताना पहिले बाण खांद्याला लावून मारू नका. पुढचा भाग स्टँडवर बांधा, मागे कोणी नको, ट्रिगरला लांब दोरी. दहा-पंधरा बाणांनंतर सांधा उघडून बघा, तोंडावर नवे चकाकते ओरखडे दिसले तर तिथे घसरतंय, परत काजळ घेऊन बसा. मग स्टॉक भरपूर वेळा काढून घाला, आणि काढण्याआधी व घातल्यानंतर गालाची जागा तीच येते का ते डोळे मिटून तपासा.

कायद्याचं पण बघून घ्या, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे फक्त टार्गेटसाठी आणि तेही क्लब किंवा रेंजवर मागे मजबूत बॅकस्टॉप असताना, आणि बाळगण्याबद्दल, नेण्याबद्दल आपल्या पोलीस स्टेशनला आधी विचारा. स्टॉक सुटा होतो म्हणून तो लपवून न्यायची वस्तू होत नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे १८ वर्षांखालच्यांना क्रॉसबो विकता येत नाही.

पेटी कुलूपवाली घ्या, फोममध्ये स्टॉकची जागा अशी कापा की जीभ कशावरही टेकणार नाही, ठोकळ्याच्या खाचेला रबरी बूच लावा नाहीतर त्यात माती जाते आणि ०.०५ चा फिट तिथेच संपतो. एम ८ ची ॲलन की पेटीच्या झाकणाला दोरीने बांधून टाका, आणि पावसाळा सुरू झाला की लाकडातले दोन बोल्ट एकदा तपासून घ्या, जिभेचा नाही, आतले.