व्हाउचरपासून व्हॅन आइकपर्यंत

"फ्लेमिश चित्रकला शिकले" असं सांगितलं की सांगलीतली माझी आत्या अजून विचारते, "मग आमच्या हॉलसाठी एखादं काढून दे की!" मला चित्र काढता येत नाही. हत्ती काढला तर लोक म्हैस म्हणतात. बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं एका सीएंच्या ऑफिसात व्हाउचर तपासले, मग बेल्जियमला जाऊन कलेच्या इतिहासात एम.ए. केलं. फ्लेमिश म्हणजे तिथल्या फ्लँडर्स भागातली. चित्र काढता न येणाऱ्याला हा विषय जमतो का, असं बरेच जण विचारतात. जमतो. पण सुरुवात मी केली तशी करू नका.

पहिलाच निबंध मी पंधराव्या शतकातला ब्रूजचा चित्रकार यान व्हॅन आइक याच्या 'आर्नोल्फिनी' या जोडप्याच्या चित्रावर लिहिला होता. १४३४ सालचं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जमिनीच्या रेषा एका बिंदूला मिळत नाहीत, माणसांना अंगच नाही, नुसतेच कपडे उभे केल्यासारखे दिसतात, अशा चुका मी उत्साहाने मोजल्या. निबंध परत आला तेव्हा खाली एकच ओळ होती : 'तपासणी चांगली, पण इटलीतल्या चित्राची.' दोन दिवस मला राग होता. नंतर पटलं. आपल्याकडे युरोपची जुनी कला म्हणजे लिओनार्दो, मायकेलँजेलो, राफाएल, फार तर रेम्ब्राँ. त्यामुळे फ्लोरेन्सची फूटपट्टी घेऊनच आपण ब्रूजला पोचतो आणि तिथलं सगळं वाकडं दिसायला लागतं.

ब्रूज आणि गेंटच्या चित्रकारांना वेगळंच वेड होतं. पितळ, केस, फर, काच यांवर उजेड पडला की प्रत्येकाचं काय होतं, याचं. हे कळायला आधी सामान कळावं लागतं. ओकची फळी, तिच्यावर खडू आणि सरसाचं पांढरं अस्तर, ते घासून गुळगुळीत केलेलं, त्यावर रेखाटन आणि मग जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगांचे पातळ, पारदर्शक थर. उजेड या थरांतून आत शिरतो, अस्तरावर आपटून परत येतो, म्हणून तो लाल किंवा हिरवा आतून पेटल्यासारखा दिसतो. तैलरंगाचा शोध व्हॅन आइकने लावला ही वाझारी या इटालियन चरित्रकाराने पसरवलेली गोष्ट मात्र सोडून द्या. तेलात रंग कालवायची कृती बाराव्या शतकातल्या ग्रंथातही सापडते. व्हॅन आइकने त्या तेलाकडून काम कसं करून घेतलं, ते बघायचं.

बघायचं कसं, ते मी ब्रूजच्या ग्रोनिंग संग्रहालयात शिकले. तिथे व्हॅन आइकचं १४३६ चं 'कॅनन व्हॅन डर पाले' आहे. मधोमध मेरी आणि बाळ, एका बाजूला गुडघे टेकून बसलेला म्हातारा धर्मगुरू, ज्याने हे चित्र करवून घेतलं. पहिली दहा मिनिटं मला फक्त गालिचा दिसला. मग म्हाताऱ्याच्या हातातला चष्मा दिसला. भिंग पुस्तकाच्या पानावर आलंय आणि त्याखालची अक्षरं वाकडी झालीत. कानशिलावर शीर फुगलेली आहे. तिच्यावरून डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं निदान करायचा प्रयत्नही केलाय. मागे संत जॉर्ज अदबीने शिरस्त्राण उचलतोय, आणि त्याचा पाय म्हाताऱ्याच्या पांढऱ्या झग्यावर पडलाय! त्याच्या चिलखतात एक बारीकशी आकृती उमटली आहे, बहुधा स्वतः चित्रकार. चाळीस मिनिटांनी रखवालदार जवळ येऊन काही हवंय का म्हणून विचारून गेला. नवशिक्यांना माझा पहिला गृहपाठ हाच : एक चित्र, चाळीस मिनिटं, फोन खिशात. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत, तिथे करा. चित्र फळीवर आहे की कॅनव्हासवर, तडे कसे गेलेत, एवढं वहीत लिहिलं तरी पुष्कळ झालं.

व्हाउचरची दोन वर्षं वाया गेली असं मला वाटायचं. मग लुव्हेन शहरातल्या सेंट पीटर चर्चमधलं डिर्क बाउट्स या चित्रकाराचं 'शेवटचं भोजन' पाहिलं आणि त्याचा करार वाचला. तो १४६४ चा आहे आणि अजून टिकून आहे. चर्चच्या एका भक्तमंडळाने काम दिलेलं. रक्कम २०० ऱ्हाइन गिल्डर, हप्त्याहप्त्याने. काम संपेपर्यंत दुसरं काम हातात घ्यायचं नाही. विषयात चूक होऊ नये म्हणून विद्यापीठातले धर्मशास्त्राचे दोन प्राध्यापक सल्लागार. वर्गातल्या मुलांना कंटाळा आला होता. मला मात्र आमच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटत होतं : ॲडव्हान्स, टप्पे, दंडक, सगळं ओळखीचं! त्या दिवसापासून कुठल्याही चित्रापुढे मी आधी विचारते की पैसे कुणी दिले आणि चित्र लागणार कुठे होतं. शैली नंतर.

हा प्रश्न बरोक काळात, म्हणजे साधारण सतराव्या शतकात तर फारच उपयोगी पडतो. अँटवर्प म्हटलं की आपल्या लोकांना हिरे आठवतात, पण १५६६ मध्ये तिथल्या चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं प्रोटेस्टंट जमावाने फोडली होती. १५८५ मध्ये शहर पुन्हा स्पेनच्या हाती गेलं, कॅथलिक धर्म परतला, आणि रिकाम्या वेद्यांवर चित्रं हवी झाली. अँटवर्पचा चित्रकार रुबेन्स इटलीत आठ वर्षं काढून १६०८ मध्ये परतला तो या मोक्यावर. अँटवर्प कॅथेड्रलमधलं त्याचं 'क्रुसावरून उतरवणं' एका बंदूकधारी संघाने करवून घेतलं. त्यांचा संत क्रिस्टोफर, म्हणजे ख्रिस्ताला वाहणारा. चित्र तीन फळ्यांचं आहे, बाजूच्या दोन दारांसारख्या मिटतात. आता फळ्या बघा. डावीकडे गरोदर मेरी, मध्ये ख्रिस्ताचं शव झेलणारी माणसं, उजवीकडे बाळ ख्रिस्ताला हातांत घेतलेला म्हातारा सिमिऑन. प्रत्येक फळीवर कुणी ना कुणी ख्रिस्ताला वाहतंय. खुद्द क्रिस्टोफर दारं मिटल्यावर बाहेरच्या बाजूला दिसतो. पैसे देणारा माहीत नसता तर हे कोडं मला आयुष्यभर सुटलं नसतं. आणि मधली फळी चार मीटरहून उंच. 'आर्नोल्फिनी' ८२ × ६० सेंटिमीटर. एकाला हातभर अंतरावरून बघायचं, दुसऱ्याला लांबून, मान वर करून. पुस्तकात दोन्ही अर्ध्या पानाची असतात, तिथेच घोटाळा होतो.

भाषेचं सांगते. इंग्रजीतून एम.ए. करता येतं, पण जुनी कागदपत्रं आणि निम्मं लेखन डच किंवा फ्रेंचमध्ये. डच निदान वाचण्यापुरती शिकून जा. उच्चारांना घाबरू नका, 'गेंट'चा खरा उच्चार 'खेंट'च्या जवळ जातो आणि घशातून ख काढायला आपल्याला इंग्रजांपेक्षा कमी कष्ट पडतात. 'फ्लेमिश' हा शब्दही जरा जपून वापरा. या चित्रकारांतला मेमलिंग जर्मनीतून आलेला, रोखियर व्हॅन डर वेडन फ्रेंच बोलणाऱ्या तुर्ने शहराचा.

नोकऱ्या थोड्या आहेत, गोड बोलून फायदा नाही. माझ्या वर्गातले निम्मे आता दुसरंच काही करतात. हाताने काम करायची आवड असेल तर चित्रसंवर्धनाकडे वळा, भारतात त्यातच जास्त वाव दिसतो. त्याला मात्र रसायनशास्त्र लागतं.

प्रबंधाला विषय घेताना, तिथल्या मुलांना न दिसणारं तुम्हाला काय दिसतं ते शोधा. मी अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्याकडे वळले. तिथे छापलेलं आठ खंडांचं बहुभाषिक बायबल गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराला भेट दिलं, आणि त्याच्या चित्रशाळेतल्या चित्रकारांनी त्यातल्या कोरीव चित्रांमधल्या आकृत्या उचलून आपल्या पानांत बसवल्या. तो छापखाना आज संग्रहालय आहे, जुनी छपाईयंत्रं जागच्या जागी आहेत. जायचं ठरलं तर सोमवार टाळा. बेल्जियमची बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि मी पहिल्या वेळी पावसात दारावरची पाटी वाचून परत आले होते.