पहिलं ऑर्किड घेताय? कोकणात या चुका टाळा

कोकणात हौसेने पहिलं ऑर्किड घेणारे बरेच जण वर्षभरात नाउमेद होतात. झाड एकतर पावसाळ्यात कुजतं, नाहीतर जगतं पण पुन्हा फुलत नाही. निगा राखणाऱ्याचा दोष त्यात कमीच असतो, झाडच चुकीचं निवडलेलं असतं. दमट हवा, नावापुरती थंडी आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस आपल्याला बदलता येत नाही. म्हणून हे सगळं ज्याला मानवतं असं ठेंगणं झाड आधी शोधा, रंगाची आवड त्यातच बसवा.

फूल बघून झाड उचलणं

नर्सरीत सगळ्यात देखणं दिसतं ते फॅलेनॉप्सिस. बहुधा ते पॉलिहाउसमध्ये थंडावा देऊन फुलवलेलं असतं. नवा फुलदांडा यायला त्याला काही आठवडे गार रात्री लागतात, साधारण १८ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या. किनाऱ्यावर अशा रात्री थोड्याच. मग पहिला बहर दोन-तीन महिने टिकतो आणि पुढे नुसती पानं येत राहतात. सिंबिडियमला आणि नोबिल प्रकारच्या डेंड्रोबियमला तर याहून जास्त थंडी हवी. आंबोलीत राहत असाल तर जरूर करून बघा, मालवण-गुहागरला मात्र पैसे वाया जातील.

माझी पहिली शिफारस बिगिबम जातीपासून तयार केलेल्या ठेंगण्या डेंड्रोबियमची. मूळ जात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उष्ण उत्तर भागातली, त्या राज्याचं ते राज्यफूल आहे. आपल्या उकाड्याने ते दमत नाही. ठेंगणे संकर २५ ते ४० सेंटिमीटरवर थांबतात, लहानशा कुंडीत मावतात आणि एकदा फुललेल्या कांडीवर, म्हणजे उसासारख्या खोडावर, पुन्हाही फुलं येतात.

दुसरं ब्रासाव्होला नोडोसा. अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवर ते कांदळवनातल्या झाडांवरसुद्धा वाढतं, त्यामुळे खारी, दमट हवा त्याला नवी नाही. त्याची पांढरी फुलं रात्री दरवळतात. फॅलेनॉप्सिसवरच जीव जडला असेल तर इक्वेस्ट्रिसपासून केलेलं, छोट्या फुलांचं मागा. ही जात फिलिपिन्सची आहे, थंडीसाठी ती तितकी अडून बसत नाही.

लहान रोपाला ठेंगणं समजणं

वँडा किंवा मोकारा जातीच्या ऑर्किडचं रोप आज तळहातावर मावतं, काही वर्षांत तेच कमरेएवढं होतं. डेंड्रोबियम घेताना जुन्या कांड्या नीट बघा. टोकाशी वाळलेल्या फुलदांड्याची खूण असेल तर झाड वयात आलंय, त्याची उंची साधारण एवढीच राहणार. नवी कांडी जुनीपेक्षा जाड असेल तर ते जोमात आहे. नव्या कांड्या बारीक होत गेल्या असतील तर सोडून द्या, कितीही स्वस्त असो.

लाकडाच्या तुकड्यावर बांधलेली अगदी पिटुकली ऑर्किडंही पहिल्यांदा नकोत. एप्रिल-मेमध्ये ती दिवसातून दोनदा पाणी मागतात.

आणि ऑनलाइन मिळणारं ऑर्किडचं बी कधीच घेऊ नका. खरं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीच्या किंवा प्रयोगशाळेतल्या माध्यमाच्या आधाराशिवाय ते रुजत नाही. गडद निळं फॅलेनॉप्सिसही दांड्यात रंग टोचून केलेलं असतं. पुढच्या वेळी फुलं पांढरी येतात.

माती, कोकोपीट आणि पागोळ्या

या झाडांच्या मुळांना हवा लागते. मातीत आणि कोकोपीटमध्ये ती आपल्या पावसाळ्यात गुदमरतात. बाजूनेही भोकं असलेली मातीची कुंडी घ्या, त्यात कोळसा आणि विटांचे तुकडे भरा. नारळाची सोडणं घरचीच असतात म्हणून कुंडी भरून घालण्याचा मोह होतो, पण ती पाणी धरून ठेवतात. थोडीच घाला, तीही काही दिवस पाणी बदलत भिजवून.

कुंडी पडवीच्या कडेला टांगली की पागोळ्यांचं पाणी नेमकं कोंबात पडत राहतं. ती हातभर आत घ्या. फॅलेनॉप्सिस जरा कलतं लावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही.

खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. ऑर्किडला क्षार सोसत नाहीत. कुंडीवर पांढरे थर आणि मुळांची टोकं काळी दिसली तर पाणी बदला. साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं.

झाड काय सांगतंय?

पानावर पाणचट, काळपट, पसरत जाणारा डाग दिसला तर त्याच दिवशी धगीवर तापवून घेतलेल्या सुरीने निरोगी भागापर्यंत कापा. कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, मुळांना मात्र ती लागू देऊ नका. झाड वाऱ्यावर ठेवा आणि काही दिवस कोरडं राहू द्या.

पानं सुरकुतली की लगेच पाणी ओतू नका. आधी मुळं दाबून बघा. पोकळ, तपकिरी असतील तर ती कुजली आहेत आणि जास्त पाण्याने उरलेलीही जातील. मुळं टणक आणि पांढरट असतील तरच झाड तहानलेलं आहे.

डेंड्रोबियमची पानं गर्द हिरवी पण फुलं नाहीत, याचा अर्थ ऊन कमी पडतंय. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी जागा द्या. फुलांऐवजी कांडीवर पिल्लं, म्हणजे छोटी रोपं, फुटत असतील तर खत आणि पाणी कमी करा. पानं गळलेल्या जुन्या कांड्या हिरव्या आणि टणक असतील तोवर कापू नका. पावसाळ्यात मुळांची टोकं कुरतडलेली दिसली तर रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी शोधा.

जंगलातली आमरी घरी आणणं

आमरी म्हणजे आपल्या रानातलं ऑर्किड. त्यातल्या सीतेच्या वेणीचे घोस पाहून ती काढून आणावीशी वाटते. असं करू नका. रानातून उपटलेली झाडं कुंडीत बहुतेक टिकत नाहीत, आणि आधीच विरळ होत चाललेलं ते धन आणखी कमी होतं. आमरीला बांडगूळ समजून आंब्याच्या कलमांवरून खरवडूनही काढू नका. ती फांदीचा नुसता आधार घेते, रस शोषत नाही. वादळात फांदी मोडून पडलीच, तर तिच्यावरची आमरी त्याच बागेतल्या दुसऱ्या आंब्याला सुतळीने बांधा. नवी मुळं सालीला धरली की सुतळी आपोआप कुजून जाते.