डॉक्टरांना रुग्णसंवाद ऑनलाइन शिकवताना

तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’ हा अभ्यासघटक तयार केला आणि २०१९ पासून तो एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाबरोबर शिकवला जाऊ लागला. त्याआधी पदवी घेऊन आज चंदगड, गगनबावडा किंवा शाहूवाडीत सेवा बजावणाऱ्या डॉक्टरांना असे शिक्षण क्वचितच मिळाले असेल. शिवाय ओपीडी सोडून दर आठवड्याला कोल्हापुरात येणे त्यांना शक्य नाही. त्यांच्यासाठी ऑनलाइन वर्ग हा चांगला मार्ग आहे, मात्र त्या वर्गात शिक्षकापेक्षा डॉक्टरांनी अधिक बोलले पाहिजे.

सिद्धान्ताचा भाग पाच-सहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफितींत आधीच पाठवावा, म्हणजे ड्यूटी सांभाळून तो पाहता येतो. प्रत्यक्ष वर्गात सहाहून अधिक डॉक्टर घेऊ नयेत. रुग्णाच्या भूमिकेसाठी हौशी नाट्यकलावंतांना विचारावे. केशवराव भोसले नाट्यगृहाच्या या शहरात अशी माणसे मिळतात. खऱ्या रुग्णाला अशा सरावासाठी कॅमेऱ्यासमोर बसवणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

प्रसंग लिहिताना खरा तपशील दडवून ठेवावा, कारण सगळा अभ्यास तिथेच घडतो. समजा, शिरोळचे एक ऊस उत्पादक शेतकरी मधुमेहाच्या गोळ्या बंद करून आले आहेत. तोडणीच्या दिवसांत जेवणाची वेळ चुकली, गोळी मात्र घेतली गेली आणि शेतात घेरी आली, म्हणून त्यांनी भीतीने औषध थांबवले. हे त्यांनी आपणहून सांगायचे नाही, अशी सूचना कलावंताला द्यावी. “गोळ्या का बंद केल्या?” असे दरडावून विचारणाऱ्याला “इसरलो” एवढेच उत्तर मिळावे, “मामा, गोळ्या सुरू झाल्यापासून तब्येत कशी राहिली, जरा सविस्तर सांगा” असे म्हणून जो थांबेल, त्यालाच घेरीची गोष्ट कळावी. रक्तातील साखर एकाएकी उतरल्याचे निदान केवळ प्रश्नाच्या पद्धतीमुळे हुकू शकते, हे डॉक्टरांना इथे स्वतः अनुभवता येते.

सात मिनिटांचे संभाषण चालू असताना इतरांनी कॅमेरा व माइक बंद ठेवावेत. नंतर आधी त्या डॉक्टरांनी, मग रुग्ण झालेल्या कलावंताने आणि शेवटी निरीक्षणसूची भरत पाहणाऱ्या इतर डॉक्टरांनी बोलावे. शिक्षकाने घाई करू नये. अमेरिकेतील १९८४ च्या एका अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांतच रुग्णाचे सुरुवातीचे बोलणे तोडतात असे आढळले होते. म्हणून आपण प्रथम कोणत्या सेकंदाला मध्ये बोललो, हे प्रत्येकाने स्वतःच्या चित्रफितीत शोधून लिहावे. हा गृहपाठ तासभराच्या व्याख्यानापेक्षा परिणामकारक ठरतो, असे माझे ठाम मत आहे. चित्रफिती गटाबाहेर जाता कामा नयेत आणि अभ्यासक्रम संपताच त्या पुसून टाकाव्यात.

पुढचा सराव समजावून सांगण्याचा. “कळलं ना?” या प्रश्नाला रुग्ण बहुधा मान डोलावतो. त्याऐवजी “मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय; घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, सांगता का?” असे विचारायला लावावे. वाईट बातमी सांगण्यासाठी २००० साली मांडलेली ‘स्पाइक्स’ ही सहा पायऱ्यांची पद्धत उपयोगी आहे, पण “आज्जीला यातलं काही सांगू नका” असा आग्रह धरणारा नातूही त्या प्रसंगात असावा, कारण आपल्याकडे डॉक्टरांची खरी कसोटी तिथे लागते.

खुर्ची किती जवळ घ्यावी, खांद्यावर हात कधी ठेवावा, हे पडद्यावर शिकवता येत नाही. त्यासाठी एक सत्र वॉर्डातच ठेवावे. सुमारे तीन महिन्यांनी रुग्णांची संमती घेऊन शिक्षकाने त्या डॉक्टरांच्या ओपीडीत शांतपणे बसावे, वर्गात वापरलेलीच निरीक्षणसूची भरावी आणि जिथे जुनी सवय परतलेली दिसेल तोच प्रसंग पुन्हा ऑनलाइन करून घ्यावा.