लहान रुग्णालयासाठी इमर्जन्सीचे डॉक्टर घडवताना

इमर्जन्सी मेडिसिनच्या निवासी डॉक्टरांना ग्रामीण रुग्णालयात पाठवायचं, तर पहिल्या दोन वर्षांतच पाठवा, आणि सलग काही महिने राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही ग्रामीण भागातले विद्यार्थी निवडा आणि शिकतानाच तिथला अनुभव द्या, असं सांगतात. पंधरा दिवसांची फेरी मारून आलेला माझा विद्यार्थी तिथली गैरसोय तेवढी पाहून येतो.

पाठवण्याआधी सीटी स्कॅन नाही, रात्रीची लॅब नाही, असं धरून केस सोडवून घ्या. सर्पदंशाची केस मी हमखास घेतो. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली ताजं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल, तर विषाने रक्तावर परिणाम केलाय असं धरायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याला चालना मिळते. साबणाने धुतलेली नळीही फसवते. काही विषं मात्र मज्जातंतूंवर घाव घालतात आणि रक्त नीट गोठतं. म्हणून पापण्या जड होतायत का, हे पुन्हा पुन्हा बघायला लावा.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात तो रोखणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड १ ग्रॅम, शिरेतून सावकाश, तीन तासांच्या आत. हे झोपेतही सांगता आलं पाहिजे.

सर्वाधिक वेळ द्या तो रेफर करण्याला, म्हणजे रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवण्याला. सिलिंडरमध्ये ६०० लिटर ऑक्सिजन उरलाय, मिनिटाला १० लिटर लागतोय, रस्ता दीड तासाचा. हे गणित रुग्ण गाडीत चढवण्याआधी झालं पाहिजे. वाटेत श्वास अडेल अशी शंका असेल, तर श्वासमार्ग इथेच सुरक्षित करायचा. चालत्या गाडीत श्वासनळीत नळी टाकणं फार कठीण. पुढच्या रुग्णालयाला करायचा फोनही वर्गात करून घ्या: काय झालं, काय दिलं, काय हवंय, कधी पोहोचतोय. एवढंच, एका मिनिटात. रेफर केलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, ते विद्यार्थ्यापर्यंत आठवडाभरात पोहोचवा. हे फार कमी ठिकाणी होतं आणि मला त्याची खरोखर खंत वाटते.

आणि ड्युटीच्या यादीत रात्री फोन घेणाऱ्या वरिष्ठाचं नाव रोज लिहा. एकदा फोन करणाऱ्या मुलावर कुणी खेकसलं, की तो पुढच्या वेळी फोन करत नाही.